बडोद्यात भाड्याचं घर घेण्याआधी

आधी नोकरी कुठे आहे ते बघा. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत असेल तर मांजलपूर, तरसाली. रिफायनरीकडे असेल तर गोरवा, सुभानपुरा, गोत्री. अलकापुरी स्टेशनला लागून, सोयीची, पण सुरुवातीच्या पगारात तिथलं भाडं झेपणार नाही.

मराठी शेजार हवा असेल तर दांडिया बाजार, रावपुरा. मलाही ती वस्ती मनापासून आवडते. सूरसागर तलाव जवळ, बाजार दारात, गणपतीत तर परक्या राज्यात आहोत असं वाटतच नाही. फक्त गाडी कुठे लावणार, ते आधी विचारा.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे विश्वामित्री नदी. २०१९च्या जुलैअखेरीस आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये शहरात पुराचं पाणी शिरलं. आजवा तलावातून सोडलेलं पाणी आणि शहरातला पाऊस एकाच वेळी आला की नदी पात्राबाहेर येते. समा, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा ही राहायला चांगली ठिकाणं आहेत, पण एक गल्ली कोरडी तर पुढची पाण्याखाली, असं होतं. म्हणून दलालाला नको, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, ‘२०२४ला पाणी कुठवर आलं होतं?’ नदीच्या बाजूला तळमजला स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तळघरात पार्किंग असेल तर पावसाळ्यात गाडी वर काढून ठेवा.

करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, हे त्यात लिहून घ्या. आणि घरात मासे-मटण होत असेल तर घर बघतानाच सांगा; काही सोसायट्यांत ते चालत नाही.