स्वसंरक्षणासाठी कोणती मार्शल आर्ट शिकावी? चांगला प्रशिक्षक कसा ओळखायचा?

तुम्ही कराटे, क्राव मगा (इस्रायली स्वसंरक्षण पद्धत) आणि ब्राझिलियन जुजुत्सू (जमिनीवरची पकडापकडी) असे तीन पर्याय दिलेत आणि विचारलंत की पस्तिशीत सुरुवात करायची तर खऱ्या प्रसंगात यातलं काय कामाला येईल. मी साडेपाच वर्षं कराटे केलंय. ब्राउन बेल्ट, दोन मेडल. आणि ज्या एका रात्री त्याची गरज पडली, त्या रात्री मी बावळटासारखी उभी राहिले. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

ऑफिसच्या इमारतीखालचं पार्किंग, रात्रीचे साडेनऊ. मी पर्समध्ये किल्ली शोधत होते. मागून एकाने मनगट धरलं. आता मनगट सोडवणं हा आमच्या सरांचा हातखंडा विषय. अंगठ्याच्या बाजूला पकड कच्ची असते, हात तिकडे फिरवून झटका द्यायचा. हे मी हजार वेळा तरी केलं असेल. त्यात चूक काही नाही. पण क्लासमध्ये समोरचा मनगट धरून पुतळ्यासारखा थांबायचा. सर जपानीत ‘इची, नी, सान’ (एक, दोन, तीन) मोजायचे, ‘सान’ला आपण हात फिरवायचा आणि त्याने सोडायचं. हा माणूस थांबलाच नाही. दोन्ही हातांनी धरून ओढत चालायला लागला. खरं सांगते, मी मनातल्या मनात आकड्याची वाट बघत होते. दोन-तीन पावलं फरफटत गेल्यावर हात फिरवला, तो त्याला बहुधा कळलाही नाही. ओरडायला गेले तर आवाज फुटेना. शेवटी त्याने पर्स हिसकावली, मला ढकललं आणि पळाला. मी कोपरावर आपटले. बारीक फ्रॅक्चर, चार आठवडे हात गळ्यात.

माझा मोठा भाऊ त्याच क्लासमध्ये शिकवतो. दादाचं तेव्हापासून एकच पालुपद: टेक्निक चुकलं नाही, तू चुकलीस, सराव कमी पडला. साडेपाच वर्षं! सराव भरपूर होता हो, फक्त भलत्याच गोष्टीचा होता. सोडायला तयार असलेल्या माणसाकडून हात सोडवण्याचा.

हात बरा झाल्यावर मी ज्युडोला गेले. पहिला महिना नुसतं पडायला शिकवलं. पाठीवर, कुशीवर, हनुवटी छातीला लावून, तळहाताने मॅटवर थाप देत. इतक्या वर्षांत हे मला कुणी दाखवलं नव्हतं. मग रांदोरी, म्हणजे समोरची मनापासून विरोध करतेय आणि तरी तिला पाडायचंय. माझ्याहून दहा किलो हलक्या एका शाळकरी मुलीने पहिल्याच दिवशी मला सात वेळा आडवं केलं. ब्राउन बेल्टचा ताठा तिथेच उतरला.

आमचे जुने सर सांगायचे, आपले डाव इतके घातक की खुल्या सरावात वापरता येत नाहीत. ज्युडोचा जनक जिगोरो कानो याने 1882 मध्ये कोदोकान ही आपली शाळा काढली तेव्हा नेमकी हीच अडचण सोडवली होती. जुन्या जपानी जुजुत्सूतले जिवावर बेतणारे डाव त्याने रांदोरीबाहेर ठेवले, म्हणजे उरलेले रोज पूर्ण ताकदीने करता यावेत. जो डाव कधी वापरलाच नाही, तो पार्किंगमध्ये कुठून सुचणार?

तर तुमचे पर्याय. ब्राझिलियन जुजुत्सू याच मुशीतली. 1993 च्या पहिल्या यूएफसीत, म्हणजे वेगवेगळ्या कलांच्या लढवय्यांच्या स्पर्धेत, याच कलेच्या रॉइस ग्रेसीने एका रात्रीत तीन लढती जिंकल्या, तिन्ही प्रतिस्पर्धी त्याच्याहून वजनदार. क्राव मगा उभं करणारा इमी लिख्टेनफेल्ड स्वतः मुरलेला बॉक्सर आणि कुस्तीगीर होता. दोन दिवसांच्या शिबिरात प्रमाणपत्र वाटणारे मात्र नेमका तो खऱ्या लढतीचा भाग गाळतात. कराटेत क्योकुशिन शैलीवाले अंगावर खरे ठोसे खातात, पण त्यांच्या स्पर्धेत हाताने चेहऱ्यावर मारायला बंदी, आणि रस्त्यावरचा माणूस पहिला ठोसा तिथेच टाकतो. साधं बॉक्सिंग तुमच्या यादीत नाही याचं नवल वाटलं.

कलेपेक्षा क्लास बघा. फी भरण्याआधी एक तास नुसते बाकावर बसा. डाव फसला की काय होतं? ‘सर, त्याने हात मागे ओढला तर?’ असं कुणी विचारलं की सर करून दाखवतात की डोळे वटारतात? मी हे विचारलं होतं, मला वीस पुशअप्स मिळाले. सर स्वतः विद्यार्थ्यांबरोबर स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, करतात का? कधी हरतात का? आणि किती महिन्यांनी कुठला बेल्ट हे प्रवेशाच्या दिवशीच सांगितलं, तर उठून चालू लागा.

चाकू हिसकावून घ्यायला शिकवणारा भेटला तर एक जाड मार्कर आणि पांढरा टी-शर्ट न्या. आम्ही घरी केलं होतं. दादाने टी-शर्ट घातला, मी मार्कर घेतला. क्लासमध्ये एक वार करून हात तसाच पुढे ठेवतात. मी ठेवला नाही. डाव्या हाताने त्याची कॉलर धरली आणि उजव्याने शिवणयंत्रासारखी टोचत सुटले. वीस सेकंदांत चौदा ठिपके, त्यातले तीन मानेवर. दादा म्हणाला, असं कुणी भोसकत नाही. तो टी-शर्ट मी न धुता जपून ठेवलाय.

आता थोडं माझ्याच विरुद्ध. चाकू दिसला की पळायचं, पर्स मागितली की फेकायची; यात कुठल्याही बेल्टचा अपमान नाही. समोरच्याचे साथीदार असतील तर जमिनीवरची जुजुत्सू अंगाशी येईल. आणि ज्युडो येत असतं तर त्या रात्री मी त्याला पाडलंच असतं, असंही नाही. कदाचित तशीच गोठले असते. कोपर तेवढं वाचलं असतं.

पस्तिशीचं राहिलंच. उशीर वगैरे काही झालेला नाही, पण पहिले तीन महिने जोडीदार बघून निवडा. वजनदार आणि नवखा टाळा, तो पडताना तुमचा गुडघा घेऊन पडतो.