आवड एवढी आहे, मग हातून लिहून का होत नाही?

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या तरुण मंडळींकडून ही तक्रार इतक्यांदा ऐकलीये की आता पहिल्या दोन वाक्यांतच कळतं पुढे काय येणार ते. "मॅडम, मला टीव्हीसाठी कॉमेडी लिहायचीये, लहानपणापासून तेच बघत आलोय, डायलॉगच्या डायलॉग पाठ आहेत, पण लिहायला बसलो की सुचत नाही आणि सुचलं तर भंकस वाटतं." मग ठरलेली शेपटं, ओळखी नाहीत, वय चाललंय, आयडिया चोरली तर काय, घरचे म्हणतात हे काय काम आहे का. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकाची गोष्ट सांगते. त्याला विचारून सांगतेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि बऱ्याच बैठका इथे चार-पाच संवादांत कोंबल्यात त्यामुळे सगळं भराभर झाल्यासारखं वाटेल, तसं ते अजिबात झालेलं नाही.

त्याला इथे लेखकराव म्हणते. तोच एकदा स्वतःला तसं म्हणाला होता, अर्थात टोमणा म्हणून. तिशी नुकतीच ओलांडलेली, नोकरी बरी, आला होता झोप लागत नाही म्हणून. रात्री जेवण झालं की लॅपटॉप उघडायचा, स्क्रिप्टची फाईल उघडायची, मग 'जरा मूड यावा' म्हणून आवडत्या सीरियलचा एक एपिसोड लावायचा, एकाचे तीन व्हायचे आणि दीड वाजता स्वतःला शिव्या देत झोपायचं. फाईलमध्ये पहिलं दीड पान होतं. तेच दीड पान वर्षभर.

"कुठली सीरियल?" मी विचारलं.

"फॉल्टी टॉवर्स. ब्रिटिश कॉमेडी, हॉटेलवाला बेसिल फॉल्टी आणि त्याच्या भानगडी. फक्त बारा भाग आहेत मॅडम. 1975 मध्ये सहा, 1979 मध्ये सहा, बास. एक वाक्य इकडचं तिकडे करता येत नाही."

आणि मग तो सुटलाच. वीस मिनिटं नुसता बोलत होता, 'द ऑफिस' या सीरियलच्या ब्रिटिश आणि अमेरिकन अवतारांतला फरक काय, साईनफेल्ड या अमेरिकन सीरियलमध्ये कोणीच सुधारत नाही म्हणून ती कशी भारी, हल्लीच्या सीरियल्स कशा भिकार, हसण्याचा ट्रॅक लावून हसवतात. मला मजा येत होती हे कबूल करते (मी स्वतः चिमणराव आणि गुंड्याभाऊंवर वाढलेली, मला या विषयावर कोणीही बोलावं), पण ऐकता ऐकता एक गोष्ट खटकली. हा माणूस दुसऱ्याच्या लिखाणाबद्दल बोलताना ताठ बसायचा, आवाज मोकळा, हात चालायचे. स्वतःच्या दीड पानाचा विषय निघाला की खुर्चीत मागे सरकायचा.

आता माझी विचारसरणी आधीच सांगून टाकते. माणसाला परिस्थिती जेवढी छळते त्यापेक्षा जास्त तो त्या परिस्थितीबद्दल स्वतःशी जे बोलतो ते छळतं, असं मी मानते आणि इतक्या वर्षांत ते बदलावं असं काही घडलेलं नाही. ज्यांना बालपण खणायचंय त्यांनी जरूर खणावं. मी मात्र शोधत असते तो डोक्यात चालू असलेला संवाद. लेखकरावांना म्हटलं, फाईल उघडल्यावर पहिलं वाक्य काय येतं डोक्यात, जसंच्या तसं सांग.

"येतं की, हे बेसिल फॉल्टीच्या जवळपास तरी आहे का."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर कशाला लिहायचं."

इथे बरेच जण म्हणतील, परफेक्शनिस्ट आहे बिचारा, अपेक्षा कमी कर म्हणावं. मीही सुरुवातीला त्याच बाजूने बोलत होते आणि तो मान डोलवत होता, घरी जाऊन परत तेच. मग एका बैठकीत तो एक किस्सा सांगायला लागला. फॉल्टी टॉवर्सची पहिली स्क्रिप्ट बीबीसीत गेली तेव्हा तिथल्या एका स्क्रिप्ट एडिटरने ऑफिसात चिठ्ठी लिहिली होती की यात सगळी घिसीपिटी पात्रं आहेत, हे आपटणार. किस्सा खरा आहे, ती चिठ्ठी पुढे फार गाजली. लेखकराव पोट धरून हसत होते, "बघा ना, केवढा गाढव असेल तो माणूस!"

मी म्हटलं, "तुझं दीड पान वर्षभर कोण वाचतंय?"

"मीच."

"आणि काय शेरा देतोस?"

तो गप्प. मी पण गप्प बसले, अशा वेळी तोंड उघडायचं नाही एवढं तरी मी शिकलेय. बऱ्याच वेळाने म्हणाला, "म्हणजे ती चिठ्ठी रोज मीच लिहितोय."

इथे थोडं थांबते, कारण सगळं कळीचं इथेच आहे आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही ते त्याच क्षणी नीट दिसलं. इतके दिवस तो समजत होता की आपण जॉन क्लीजच्या, म्हणजे बेसिल लिहिणाऱ्या आणि साकारणाऱ्या माणसाच्या, टीममध्ये आहोत. प्रत्यक्षात तो त्या चिठ्ठीवाल्याच्या खुर्चीत बसला होता आणि ती खुर्ची त्याला आवडत होती! मित्रांमध्ये, ऑफिसात त्याला मान होता तो 'याला कॉमेडीतलं कळतं' म्हणून. याने एखाद्या शोला टाकाऊ म्हटलं की तो टाकाऊ. अशा माणसाने लिहायला घेतलं की काय होतं बघा, प्रेक्षक म्हणून तो एकदम वरच्या रांगेत असतो आणि लेखक म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यात शेवटच्या रांगेत येऊन बसतो. मी सरळ विचारलं, स्क्रिप्ट पूर्ण झाली आणि सुमार निघाली, तर तुझं काय जाईल?

"मग मला दुसऱ्याला भिकार म्हणायचा हक्क राहणार नाही."

बघा, अपयशाची भीती म्हणून आपण जे मोघम बोलतो ते इतकं नेमकं असतं. पुढच्या वेळी आला तेव्हा म्हणाला, या आठवड्यात कुणाच्याही शोबद्दल काही वाईट बोललो नाही, फार जड गेलं. मी हसले. हे मी सांगितलंच नव्हतं, त्यानेच ठरवलं होतं.

पण एवढ्याने पान भरत नाही. समुपदेशनात मन मोकळं झालं की काम झालं असं मानणारे आहेत, मी त्यातली नाही, मला कागद दिसला पाहिजे. म्हणून त्याला पहिलं काम दिलं ते सीरियल बघण्याचंच, फक्त हातात पेन घेऊन. एक एपिसोड थांबवत थांबवत बघायचा आणि प्रत्येक सीनची एक ओळ लिहायची, कोणाला काय हवंय आणि कोण काय लपवतंय. हसू कुठे येतं तिथे खूण.

त्याने हॉटेल तपासनीसांचा भाग घेतला, ज्यात बेसिल एका साध्या चमचे विकणाऱ्या गिऱ्हाईकाला तपासनीस समजून लोटांगण घालत सुटतो. परत आला तो जरा चक्रावलेलाच. सांगत होता, वाक्यं सुटी करून वाचली तर बरीचशी अगदी साधी आहेत, त्यात जोक नाहीच, हसू येतं ते बेसिल जी चूक धरून बसलाय तिच्यामुळे आणि ती चूक दर सीनला एक पायरी चढते. आणखी एक त्याला आधीपासून माहीत होतं पण अंगाला लागलं नव्हतं, ते भाग क्लीज आणि कॉनी बूथ दोघांनी मिळून लिहिलेत आणि एकेका भागावर कित्येक आठवडे घालवलेत, आधी नुसता प्लॉट रचत आणि संवाद नंतर. हा गडी रात्री अकरा ते साडेअकरा एवढ्या वेळात थेट संवादाला हात घालत होता, तोही एकटा.

तुमच्यापैकी ज्यांना हाच त्रास आहे त्यांनी हे नक्की करून बघा, दोन-तीन एपिसोड तरी असे उसवा. जाहिराती असणाऱ्या चॅनलवर अर्ध्या तासाच्या भागात गोष्टीला साधारण बावीस मिनिटं मिळतात, त्यात एक मुख्य भानगड आणि बहुतेक वेळा एक छोटी भानगड बाजूला चालू असते, हे मोजून बघितलं की समोरची देवाची मूर्ती नाहीशी होते आणि कुणीतरी बसून जुळवलेली वस्तू दिसायला लागते. वस्तू आपल्यालाही जमू शकते.

मग त्याची स्क्रिप्ट. पासपोर्ट साईज फोटो काढणारे दोन भाऊ, मोठ्याचा कॅमेरा बिघडलाय आणि तो ते मान्यच करत नाही. एवढीच गोष्ट. पूर्ण करायची, वाईट झाली तरी शेवटपर्यंत, असा करार. झाली एकदाची. आता दाखवायची कोणाला? तर मी सांगितलं, चार मित्रांना बोलव, पात्रं वाटून दे आणि मोठ्याने वाचायला लाव, तू एकही संवाद म्हणायचा नाहीस, फक्त 'अमुक आत येतो' वगैरे सूचना वाचायच्या, आणि मध्ये समजावून सांगायचं नाही. ही रीत माझी नाही, या धंद्यातले लोक कायम असं वाचन करतात.

वाचन झाल्यावर आला आणि टेबलावर स्क्रिप्ट ठेवली, मार्जिनमध्ये पेन्सिलीच्या खुणा. "मॅडम, मी जे पंच रात्र रात्र घासले होते ना, त्यांना कोणी हसलंच नाही. एकजण 'छान आहे' म्हणाला, ते तर त्याहून वाईट." पान उलटून एका ओळीवर बोट ठेवलं. गिऱ्हाईक चौथ्यांदा फोटोला बसलंय, फोटो परत हललेला, आणि मोठा भाऊ कॅमेऱ्याकडे न बघता त्याला म्हणतो, "तुमचा चेहरा फार पटकन बदलतो हो."

"याला सगळे फुटले. आणि ही ओळ मी नुसती त्या माणसाला खुर्चीतून उठवायला टाकली होती."

मी पण फुटले. मग आम्ही त्या खुणा एकेक करून बघितल्या आणि दिसलं की हसू प्रत्येक वेळी मोठा भाऊ काहीतरी लपवतोय तिथेच आलंय. जिथे लेखकराव स्वतः हुशारी दाखवतायत तिथे शांतता. मी विचारलं, लपवालपवी एवढी चांगली कुठून जमली तुला? तो बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला आणि म्हणाला, वर्षभर सगळ्यांना सांगत होतो की स्क्रिप्टवर काम चालू आहे.

याच संदर्भात त्याने मला साईनफेल्डच्या दोन कर्त्यांपैकी एक, लॅरी डेव्हिड, याचा किस्सा सांगितला जो मी आता सगळ्यांना ऐकवते. साईनफेल्डच्या आधी हा गृहस्थ 1984-85 च्या सीझनला सॅटर्डे नाईट लाईव्ह या अमेरिकन कॉमेडी शोमध्ये लेखक होता, त्याचं जवळजवळ काहीच पडद्यावर जात नव्हतं, एकदा भडकून राजीनामा तोंडावर मारून निघून गेला, पस्तावला, आणि सोमवारी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने कामावर हजर. पुढे हेच जसंच्या तसं साईनफेल्डमध्ये जॉर्ज या पात्राच्या गळ्यात बांधलं. ज्याची लाज वाटते ते लिहा असं मी सरसकट सांगणार नाही, काही जखमा ओल्या असतात त्यांना हात लावू नये, पण 'माझ्याकडे स्वतःचं असं मटेरियल नाही' म्हणणाऱ्याने आधी आपली लपवायची जागा बघावी.

एक मात्र सांभाळा. चिठ्ठीचा किस्सा, किंवा चिअर्स ही अमेरिकन कॉमेडी पहिल्या सीझनला रेटिंगमध्ये पार तळाशी होती आणि तरी 1993 पर्यंत अकरा सीझन चालली तो किस्सा, हे ऐकून काहीजण उलटं शिकतात, की मला नाकारलं म्हणजे मी ग्रेट. नाही हो. बहुतेक नाकारलेल्या स्क्रिप्ट नाकारण्यासारख्याच असतात, आणि त्यात तुमची पहिली असणार हे धरून चाला, त्याने माणूस म्हणून तुमची किंमत इंचभरही हलत नाही.

आता ओळखी नाहीत, चोरी होईल, या दोन शेपटांबद्दल. माझ्याकडे या क्षेत्रातली बरीच मंडळी येऊन गेलीत त्यामुळे ऐकून ऐकून थोडं कळतं. आयडियावर कोणाचा हक्क नसतो, कॉपीराईट असतो तो लिहिलेल्या मजकुरावर, म्हणून आयडिया कवटाळून बसण्यापेक्षा ती पूर्ण लिहून तारखेसकट ठेवणं हाच त्यातल्या त्यात बंदोबस्त. चालू सीरियलचा एक भाग सराव म्हणून जरूर लिहा, पण तो त्याच सीरियलवाल्यांना पाठवू नका, उद्या भांडण नको म्हणून बरेच जण तो उघडतही नाहीत, आणि त्याच्या जोडीला स्वतःची एक कोरी गोष्ट हवीच. ओळखीचं म्हणाल तर वरच्या लोकांच्या मागे लागण्यापेक्षा आपल्यासारखेच धडपडणारे चारजण गाठा, त्यातला एक कुठेतरी सहाय्यक म्हणून चिकटतो आणि मग तो बाकीच्यांची नावं सुचवतो, मी हे डोळ्यांनी बघितलंय. आणि रायटर्स रूममध्ये, म्हणजे सगळे लेखक मिळून शो लिहितात तिथे, शिरलात की तुमची ओळ दुसरा बदलणार, तिसरा कापणार. ज्याला घरात एकट्यालाच आपलं पान सहन होत नाही त्याला ते कसं झेपणार? म्हणून मित्रांसमोरचं वाचन फार लवकर करा, लिखाण पक्कं व्हायची वाट बघू नका.

लेखकरावांनी स्क्रिप्ट पाच ठिकाणी पाठवली. तीन ठिकाणांहून उत्तरच नाही, एका ठिकाणाहून गोड नकार, आणि एका छोट्या कॉमेडी शोकडून निरोप आला की फोटोवाले भाऊ आम्हाला नकोत पण संवादाला मदतनीस हवाय, भेटायला या. झोपेचं म्हणाल तर ती परत बिघडली, पण आता डेडलाईनमुळे, त्यावर माझ्याकडे औषध नाही.

परवा फोन होता.

"मॅडम, नोकरी सोडू का?"

"त्यांनी कॉन्ट्रॅक्ट किती भागांचं दिलंय?"

"तेरा."

"मग नको सोडूस."

"हेच बायको पण म्हणाली," तो म्हणाला, आणि लगेच विचारलं, हे वाक्य वापरलं तर चालेल का.