शतावरी लावायची? रोपांआधी गिऱ्हाईक बघा

या पंधरवड्यात शतावरीबद्दल तीन प्रश्न आले. खटावचे एक शेतकरी विचारतात, "रोपं कंपनीची, माल पण तेच परत घेणार म्हणतात. एकरभर लावू का?" पलूसच्या एका दादांना ऊस मोडून काळ्या रानात लावायची आहे. पाटणच्या बचत गटातल्या ताई विचारतात, "घरच्या मुळ्यांची पावडर बाळंतिणीला दिली तर चालेल का?"

खटावच्या दादा, तुमचे मुरमाड, निचऱ्याचे रान शतावरीला मानवते. माझी काळजी वेगळीच आहे. 4 बाय 2 फुटांवर एकरी साधारण 5,400 रोपे बसतात. रोपामागे 10 रुपये जादा लावले, तरी 54,000 रुपये पहिल्याच दिवशी रोपे विकणाऱ्याच्या खिशात जातात. तुमच्या मुळ्या निघणार 18 ते 24 महिन्यांनी. तेव्हा फोन लागला नाही तर? असे अडकलेले शेतकरी मी जवळून पाहिले आहेत, म्हणून कळकळीने सांगतो. भाव ओल्या मुळीचा की सुक्या, सालीसकट की सोललेल्या, हे आधी विचारा. दहा किलो ओल्या मुळ्या सुकवल्या की हाती किलो-दीड किलोच माल येतो, सगळा हिशोब इथेच फिरतो. दोन-तीन औषधी माल घेणाऱ्यांशी स्वतः बोला. ई-चरक या सरकारी पोर्टलवरही खरेदीदार सापडतात. पहिल्या वर्षी 10 गुंठेच करा. ई-पीक पाहणीत नोंद मात्र चुकवू नका. माल जंगलातला नाही, शेतातला आहे, याला ती आधार ठरते.

पलूसच्या दादा, कृष्णाकाठचे भारी रान पावसाळ्यात पाणी धरते आणि मुळ्या कुजतात. वाचल्या तरी त्या चिकट मातीतून खणताना तुटतात. तिथे नको. माळाचा एखादा तुकडा असेल तर उंच सरीवर, पावसाळ्याच्या तोंडाला लावा आणि वेलाला काठीचा आधार द्या. हळद शिजवण्याची सवय तुम्हाला कामी येईल: मुळ्या धुऊन थोडा वेळच उकळायच्या, साल आणि आतला दोरा ओढून काढायचा, मग सावलीत वाळवायच्या.

ताई, बाळंतिणीला दूध यावे म्हणून शतावरी कल्प देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पण मी शेतीचा माणूस, मात्रा सांगणे माझे काम नाही. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला वैद्यांना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका. दुसरे असे, की रोपवाटिकेत शोभेची शतावरीही त्याच नावाने मिळते. औषधी जात अॅस्परॅगस रॅसिमोसस; पावतीवर हे नाव लिहून घ्या. जंगलातून खणूनही आणू नका, मुळी गेली की वेलच जातो. तुमच्या परसातल्या वेलाची फांदी, फूल-फळ असेल तर तेही, आणि एक मुळी घेऊन कार्यालयात या, ओळख पटवून देतो.