शॉकचे १,५०० वाचवताना कार्डावर वर्षाला २७,००० जातात

प्रश्न : वय २९, फोंड्याहून रोज वेर्ण्याला आरसी ३९० मोटरसायकलने जातो. मागच्या शॉक ॲब्झॉर्बरमधून तेल गळतंय. मूळ कंपनीचा नवा शॉक १४,०००, गॅरेजवाला बसवायचे १,५०० मागतो. घरी बसवणं परवडेल का? शॉक क्रेडिट कार्डवर घेईन, ४५ दिवस व्याज नाही, आणि गाडी विकताना पैसे वसूल होतील. कार्डावर ५५,००० आधीचे आहेत, कारण गेल्या वर्षी विम्याचा ६०,००० चा हप्ता कार्डाने भरला. दरमहा किमान २,८०० भरतो. पुढच्या महिन्यात तिसरा हप्ता आहे, तोही कार्डानेच भरेन. पॉलिसी २० वर्षांची, कवच ६ लाख, शेवटी २१ लाख मिळतील आणि करही वाचतो असं बँकेत सांगितलं. पगार ३८,०००, घरी आई. १.२० लाखांची एफडी आहे, ती मोडायची नाही.

उत्तर : आधी शॉकचं बघू. काम अवघड नाही. या गाडीत लिंकेज (शॉकला जोडणाऱ्या मधल्या पट्ट्या) नाही, वर एक आणि खाली एक असे दोनच मुख्य बोल्ट. पण घरी करणारे हमखास एका ठिकाणी फसतात. मागचा पॅडॉक स्टँड स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, उचलतो. शॉक निघाला की स्विंगआर्म नुसती पुढच्या खिळीवर फिरते, तिच्यावर फ्रेम तोलून धरणारं काही उरत नाही आणि गाडीचा मागचा भाग खाली बसतो. म्हणून वजन फ्रेमवर घ्यावं लागतं: फूटपेगच्या ब्रॅकेटखाली दोन्ही बाजूंनी टेकू, पुढचा ब्रेक बांधलेला. जॅक सायलेन्सरच्या डब्याखाली लावू नका, डबा चेपतो. बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा. आपल्याकडच्या पावसाळ्यात खालचा बोल्ट हमखास धरतो. चाकाखाली लाकडाची पाचर सरकवत जा. भार उतरला की बोल्ट हाताने निघतो. तोपर्यंत हातोडा मारलात तर आटे जातात. बसवताना बोल्टाच्या दांड्याला ग्रीस, आवळणं मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणारा पाना). मग गाडीवर बसून सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने मागचा भाग किती दबतो ते, मोजा. मागच्या चाकाचा वर-खाली प्रवास १५० मिमी धरला तर सॅग ४५ मिमीच्या आसपास हवा. शेवटी चेनचा ढिलेपणा तपासा. जुना शॉक उघडू नका, आत दाबाखालचा नायट्रोजन असतो.

टॉर्क रेंच आणि टेकूचे स्टँड मिळून चार-पाच हजार होतील. वाचणार १,५००. हत्यारं घरात नसतील तर गॅरेजमध्येच बसवा, आणि याच महिन्यात. तेल गेलेला शॉक उसळी आवरत नाही. ओल्या वळणावर खड्डा लागला की मागचं चाक रस्ता सोडतं. विकताना मात्र या शॉकचे वेगळे पैसे कोणी देणार नाही, तो हिशोब सोडून द्या.

आता तुम्ही न विचारलेलं. ४५ दिवस बिनव्याजी ही सवलत मागचं बिल पूर्ण भरणाऱ्याला असते. तुमची बाकी चालू आहे, म्हणजे शॉकच्या १४,००० वर पहिल्या दिवसापासून व्याज. कार्डाचा नेहमीचा दर महिना साडेतीन टक्के धरला तर ५५,००० वर १,९२५, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले सुमारे २,२७०. तुम्ही २,८०० भरता, त्यातून मुद्दल फिटते जेमतेम ५००. वर्षाला २७,००० नुसतं व्याज आणि त्यावरचा जीएसटी! इकडे एफडीतले तेवढेच ५५,००० साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ३,६०० कमावतात. एफडी अडचणीसाठी असते आणि ही अडचणच आहे. उद्या मोडा, कार्ड पूर्ण भरा. पुढच्या बिलात थोडं मागचं व्याज दिसेल, तेही भरा. शॉकही याच पैशातून घ्या. ४९,००० च्या आसपास उरतील.

आणि हे कर्ज कशासाठी झालं? वीस वर्षं ६०,००० भरून, म्हणजे १२ लाख देऊन, २१ लाख मिळवायला. हा परतावा येतो वर्षाला पाच टक्के, आणि तोही बोनस जाहीर झाला तर. पीपीएफमध्ये आजचा ७.१ टक्के दर कायम धरला तर तेवढ्याच हप्त्यांचे साडेसव्वीस लाख होतात. 'कर वाचतो' हे तर तुम्हाला सांगायलाच नको होतं. वर्षाला साडेचार लाख पगारावर तुम्हाला कर बसतच नाही, जुन्या पद्धतीत नाही आणि नव्यातही नाही. ज्याला कर नाही त्याला करबचतीच्या नावाखाली वीस वर्षांचा हप्ता गळ्यात मारणं, याचा मला मनापासून राग येतो. आणि कवच किती? सहा लाख. तुम्हाला काही झालं तर आईला तुमचा जेमतेम सव्वा वर्षाचा पगार.

तिसरा हप्ता भरू नका. विमा कंपनीकडून सरेंडर (पॉलिसी सोडून आता मिळणारे पैसे) आणि पेड-अप (हप्ते थांबवून कमी रकमेवर पॉलिसी चालू ठेवणं), दोन्ही आकडे लेखी मागवा. दोन हप्त्यांनंतर सरेंडरला साधारण ३० टक्के मिळतात, म्हणजे १.२० लाखातले ३६,०००. चटका मोठा आहे. पण पेड-अप ठेवलं तर १८ वर्षांनी ६ लाखांच्या २/२० च्या हिशोबाने ६०,००० आणि थोडा जमा बोनस. ३६,००० पीपीएफमध्ये १८ वर्षं राहिले तर सव्वा लाखाच्या जवळ जातात. हातातले आकडे असेच आले तर सरेंडर करा.

हप्त्याचे वाचलेले महिना ५,००० असे लावा: त्यातून एक कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा), तुमच्या वयाला तंबाखू नसेल तर वर्षाला बारा-पंधरा हजार (२२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी नाही). उरलेले एफडीत, पुन्हा १.२० लाख होईपर्यंत. दीड-पावणेदोन वर्षांत होतील. पीपीएफ किंवा इंडेक्स फंडाचं त्यानंतर बघू. गाडीच्या विम्यात १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच आहे का, तेही काढून बघा. रोज दुचाकीवर असलेल्या माणसाने ते सोडू नये.

हप्ता चुकला की बँकेतून फोन येईल, 'दोन वर्षं भरलीत, आता कशाला सोडता' म्हणून. गेलेले पैसे पुढच्या अठरा हप्त्यांचं कारण होत नाहीत, एवढंच सांगा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची मुदत असते आणि तेवढे दिवस जुनं कवच चालू राहतं. त्या काळात टर्मचा अर्ज आणि वैद्यकीय तपासणी उरका. नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत सरेंडरच्या अर्जावर सही करू नका.