धाकटीची तपासणी कशाला?

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा. वर्षभर त्याचं अक्षर बिघडत चाललं होतं, हात थरथरायचे, बोलणं जड झालं. शाळेत आळशी ठरवला. शेवटी विल्सन आजार, म्हणजे अंगात तांबं साठण्याचा आजार निघाला, औषध सुरू झालं. आता डॉक्टर ११ वर्षांच्या धाकटीलाही तपासा म्हणतात. ती ठणठणीत आहे. सासूबाई म्हणतात, चांगल्या पोरीला कशाला सुया टोचता? आम्ही तांब्याच्या हंड्यातलं पाणी पितो, त्यानं तर हे झालं नाही ना? — एक आई, सांगली

उत्तर : ताई, हंड्याचा दोष मनातून काढून टाका. डाळी, दाणे, तीळ यांतून तांबं सगळ्यांच्याच पोटात जातं, आणि थोडं लागतंही. जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. हे वाहून नेणारं प्रथिन ज्या जनुकावरून तयार होतं, तो एटीपी७बी, तेराव्या गुणसूत्रावरचा. १९९३ साली सापडला. तुमच्या मुलात या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष आहेत. एक तुमच्याकडून, एक त्याच्या वडिलांकडून. तुम्हा दोघांची दुसरी प्रत चांगली, म्हणून तुम्हाला काही झालं नाही. त्याचं तांबं मात्र यकृतात साठलं, मग मेंदूत उतरलं. बिघडलेलं अक्षर त्याचंच. तो आळशी नव्हता, हे त्याला घरच्यांनी एकदा तोंडाने सांगा.

(पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेल्या दुधाचा तान्ह्यांच्या यकृताच्या आजाराशी संबंध १९८०च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दाखवला होता. तो आजार वेगळा. तरी मुलाचं पाणी आता स्टीलच्या भांड्यातच ठेवा.)

आता धाकटी. तिच्यातही दोन्ही सदोष प्रती असण्याची शक्यता चारात एक. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका घरची आई म्हणाली, ‘परीक्षा झाल्यावर बघू,’ आणि मी मान डोलावली. परीक्षा झाली, उन्हाळा सरला. धाकटा आला तेव्हा त्याच्या पोटात पाणी झालं होतं. त्यानंतर मी कुणापुढेही त्यासाठी मान डोलावलेली नाही.

तपासण्या साध्या आहेत. रक्तात सेरुलोप्लाझ्मिन (तांबं धरून ठेवणारं प्रथिन; या आजारात ते बहुधा कमी असतं) आणि यकृताच्या चाचण्या, चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बुबुळाभोवतीचं तपकिरी कडं पाहणं. नुसत्या सेरुलोप्लाझ्मिनवर निर्धास्त होऊ नका, आजार असूनही कधीकधी ते ठीक येतं. मुलाची जनुक-चाचणी झाली असेल तर तो कागद सोबत न्या. तेच दोन दोष तिच्यात शोधले की उत्तर बऱ्यापैकी पक्कं मिळतं. दोष निघालेच, तर लक्षणं नसताना औषध सुरू करता येतं, आणि अशी मुलं पुढे अगदी नीट वाढतात.

मुलाचं औषध जन्मभराचं आहे. पेनिसिलामिन असेल तर रिकाम्या पोटी. बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करणाऱ्यांचं यकृत काही महिन्यांत एकाएकी निकामी होऊ शकतं.

सासूबाईंना माझं नाव सांगा. धाकटीला याच आठवड्यात घेऊन जा.