विहीर की नळ? एका चौकटीने केलेला घोळ

तुमची पोस्ट वाचली आणि आमचंच जुनं दुखणं आठवलं. तुमचं न्यू जर्सीत नवं घर, विहिरीचं पाणी, चार वर्षांचा मुलगा आणि दात किडू नयेत म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या फ्लोराइडवाल्या चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या. त्या द्यायच्या का, हा तुमचा प्रश्न. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे दुधाने तोंड पोळलेल्या आईचं बोलणं समजा.

फ्लोराइड चांगलं की वाईट, त्या वादात मी पडत नाही. गोळी वयावर ठरते तशीच पाण्यावरही ठरते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या पाण्यात फ्लोराइड ०.३ पीपीएमपेक्षा (म्हणजे लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमपेक्षा) कमी असेल तर ०.५ मिलिग्रॅम, ०.३ ते ०.६ असेल तर ०.२५, आणि त्याहून जास्त असेल तर गोळीच नको.

आमचा घोळ झाला तो क्लिनिकच्या फॉर्मवर. दोन चौकटी होत्या: विहीर, नळ. मी ‘विहीर’वर खूण केली. त्यात खोटं काहीच नव्हतं. घरचं पाणी तपासलं तर ०.१ निघालं. पण माझी अडीच वर्षांची पोर दिवसाचे नऊ तास डेकेअरला, शेजारच्या गावात, आणि तिथल्या नळाच्या पाण्यात ०.७ फ्लोराइड मिसळलेलं! दिवसभर तेच पाणी प्यायची, वर द्राक्षाच्या चवीची टूथपेस्ट गिळायची. क्लिनिक दोन वर्षं डोळे मिटून रीफिल देत राहिलं. शंका आली म्हणून फोन केला, तर “चार्टवर विहीर आहे ना, मग बरोबर आहे.” तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तेच. डॉक्टर उलट फोन करणार होते, तो अजून यायचाय.

सातव्या वर्षी वरचे पुढचे दात आले ते खडूने रेघोट्या मारल्यासारखे. डेंटिस्ट म्हणाली, सौम्य फ्लोरोसिस, म्हणजे जास्त फ्लोराइडने दातांवर आलेले डाग, फक्त दिसण्यापुरतं. गोळीमुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, पेस्टचाही वाटा असेल. पण माझं माहेर यवतमाळकडचं. बोअरच्या फ्लोराइडवाल्या पाण्याने तपकिरी झालेले दात बघत मी वाढले, आणि मला हे सुचू नये? तो राग अजून गेलेला नाही.

आता तर २०२५ च्या ऑक्टोबरात एफडीएनेही (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने) सांगितलंय, की तीन वर्षांखालच्यांना आणि दात किडण्याचा विशेष धोका नसलेल्या मोठ्या मुलांना या गोळ्या देऊ नयेत. म्हणून आधी डेंटिस्टला दाखवा, रीफिल मागून.

द्यायचं ठरलंच, तर दुधाबरोबर देऊ नका, कॅल्शियममुळे फ्लोराइड नीट शोषलं जात नाही. बाटली वरच्या फळीवर ठेवा, पोरांना ती चॉकलेटच वाटते. पेस्ट वाटाण्याएवढीच.

आणि डेकेअरला “पाणी कुठून येतं?” असं विचारू नका. मला “सिंकमधून” असं उत्तर मिळालं होतं. पाण्याचं बिल कुठल्या कंपनीचं येतं ते विचारा, आणि त्या कंपनीच्या वार्षिक अहवालातली फ्लोराइडची ओळ बघा.