‘ऑरेंज’ शब्दाचा मागोवा घेताना

रंगवाचक इंग्रजी शब्दांचा अभ्यास सुरू करताना आपण ‘ऑरेंज’ निवडलात, याचा मनापासून आनंद झाला. मराठवाड्यात फारसी आणि दखनीचे संस्कार बोलण्यात मुरलेले असल्याने हा प्रवास आपल्याला परका वाटणार नाही. संस्कृत ‘नारंग’ फारसीत गेला, अरबीत ‘नारंज’ झाला आणि तेथून स्पॅनिशमध्ये ‘नारांखा’ या रूपाने आजही नांदतो आहे. मूळ द्राविडी भाषांत असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेलंगणाच्या सीमेजवळच्या देगलूरकडे कानावर पडणाऱ्या तेलुगूत ‘नारिंज’ आहेच. मात्र शब्द उलटेही प्रवास करतात, म्हणून केवळ साम्यावरून निष्कर्ष काढू नये.

एका ठिकाणी विशेष सावध राहावे. आरंभीचा ‘न’ इंग्रजीतल्या ‘अ’ या उपपदाला चिकटून गळाला, असे पुष्कळदा सांगितले जाते; वास्तविक ही गळती आधीच इटालियन व फ्रेंचमध्ये झाली होती आणि इंग्रजीला ‘न’ नसलेलेच रूप मिळाले. इंग्रजीत हा शब्द प्रथम फळाचा होता; रंगासाठी तो सोळाव्या शतकाच्या आरंभी रुळू लागला, आणि त्यापूर्वी ‘पिवळा-तांबडा’ अशा जोडशब्दाने काम भागवले जाई.

नेदरलँड्सच्या ऑरेंज राजघराण्याचे नाव मात्र वेगळे ठेवावे, कारण ते दक्षिण फ्रान्समधील एका गावाचे असून त्याचे प्राचीन रूप ‘अराउसिओ’ होते.